अठरा लाखांची पॉलिसी आणि चोवीस लाखांचे दुकान

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचे वह्या-पुस्तकांचे आणि शालेय साहित्याचे दुकान आहे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, ते उभे केले आणि गेली अकरा वर्षे ते मी पाहते. गल्ल्यामागच्या भिंतीवर अण्णांनी तेलरंगाने मारलेली एक रेघ होती. २६ जुलै २००५ रोजी वाशिष्ठीचे पाणी दुकानात जिथपर्यंत चढले होते, ती ही खूण. त्या वर्षी दुकानाचा विमा नव्हता आणि नुकसान भरून काढायला त्यांना सहा वर्षे लागली. त्यानंतर महागाचा माल त्या रेघेच्या वरच ठेवायचा, हा त्यांचा नियम झाला. विम्याचे म्हणाल, तर पुढे बँकेकडून कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर उचल देणारे कर्ज, घेतले तेव्हा बँकेने तो काढायला लावला. दर जानेवारीत खात्यातून हप्ता वळता होत असे आणि पॉलिसीचा कागद खणात जाऊन पडत असे. तो कागद मी एकदाही शेवटपर्यंत वाचला नव्हता, आणि पुढे जे सांगणार आहे त्यातील बरेचसे त्या न वाचण्यातून आलेले आहे.

२२ जुलै २०२१ रोजी पहाटे पाणी आले ते अण्णांची रेघ ओलांडून गेले. आमचे घर उंचावर असल्याने माणसे सुखरूप राहिली. पण दिवसभर बाजारपेठेकडे जाता आले नाही, वीज नव्हती आणि मोबाइलला रेंज नव्हती. २३ तारखेला पाणी ओसरल्यावर शटर उघडले तेव्हा आत कागद म्हणून ओळखता येईल असे फार थोडे उरले होते. वह्यांचे गठ्ठे पाणी पिऊन इतके फुगले होते की त्यांच्या दाबाने लाकडी रॅकच्या उभ्या पट्ट्या सांध्यांतून निखळल्या होत्या. वर माळ्यावर ठेवलेला आणि सर्वांत वरच्या फळ्यांवरचा माल तेवढा कोरडा होता. कोरोनामुळे सलग दोन वर्षे शाळा वेळेवर उघडल्या नव्हत्या, त्यामुळे एरवी जूनमध्ये निम्मा होणारा साठा त्या जुलैत भरलेलाच होता. ही गोष्ट त्या क्षणी केवळ दुर्दैवाची वाटली. विम्याच्या हिशेबात तिचा किती मोठा वाटा आहे, हे कळायला आणखी तीन महिने जायचे होते.

पहिले काम कंपनीला कळवण्याचे. पॉलिसी खणातच भिजून लगदा झाली होती. परंतु जानेवारीत बँकेतून आलेल्या कागदाचा फोटो मी पुण्याच्या भाच्याला कधीतरी पाठवला होता, तो त्याच्या फोनमध्ये सापडला. २४ तारखेला संध्याकाळी चढावर जाऊन रेंज मिळाली, तेव्हा त्याला सांगून कंपनीला आणि बँकेच्या शाखेला ई-मेल करवला. पॉलिसी क्रमांक, दुकानाचा पत्ता, घटनेची तारीख, कारण आणि अंदाजे नुकसान, एवढेच त्यात होते. नुकसान झाल्याबरोबर कळवणे आणि पंधरा दिवसांच्या आत तपशीलवार लेखी दावा देणे, ही आमच्या त्या पॉलिसीची अट होती. मुदत वाढवून मागता येते, पण मागावी लागते. आम्ही ५ ऑगस्टला लेखी दावा दिला.

दुसरी अडचण पुराव्याची होती. नगरपरिषदेच्या गाड्या चिखल आणि कुजणारा माल उचलायला येत होत्या आणि रोगराईच्या भीतीने तो लवकर बाहेर काढणे आवश्यकच होते. दुसरीकडे नुकसानीची पाहणी करणारे सर्व्हेअर येण्यापूर्वी माल फेकला तर नुकसान सिद्ध कशाने करणार, ही धास्ती. सर्व्हेअरची नेमणूक झाल्याचा फोन आला तेव्हा मी हाच प्रश्न त्यांना विचारला. ते म्हणाले, "ताई, सडणारा माल थांबवून ठेवू नका. प्रत्येक रॅकचे फोटो आणि व्हिडिओ काढा, प्रकारवार ढीग करा, मोजता येईल तेवढे मोजून लिहा, प्रत्येक प्रकाराचे नमुने बाजूला ठेवा आणि मग द्या." हे मी अक्षरशः पाळले. पुतणी एका बाजूने मोजत होती आणि मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहीत होते, कारण दुकानात लिहिण्याजोगा कोरा कागद उरला नव्हता. पुढे त्या कॅलेंडरच्या पानांवर सर्व्हेअरनी सही करून ती दाव्याला जोडली. तलाठ्यांनी केलेल्या पंचनाम्याची प्रतही घेतली. मात्र पंचनाम्यात पाणी आल्याचे आणि ढोबळ नुकसानीचे नोंदलेले असते. मालाची किंमत त्यावरून ठरत नाही.

सर्व्हेअर २९ जुलैला प्रत्यक्ष आले. हे गृहस्थ कंपनीचे नोकर असतात असा माझा समज होता. तसे नसून विमा नियामक प्राधिकरणाच्या परवान्यावर काम करणारे ते स्वतंत्र व्यावसायिक असतात. त्यांना नेमते आणि मानधन देते ती कंपनी, पण नुकसानीचे मूल्यमापन त्यांनी कोणाचीही बाजू न घेता करावे, अशी अपेक्षा असते. आमच्याकडे आलेले गृहस्थ कडक होते, पण प्रत्येक वजावटीचे कारण त्यांनी मला समोर बसवून सांगितले. त्या प्रक्रियेत विम्यासंबंधी मी जे काही शिकले ते त्यांच्याकडूनच, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्यांचा पहिला प्रश्न होता, दुकानात २१ जुलैच्या रात्री किती माल होता? मी उत्साहाने छापील किमतींची यादी पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली. विमा नुकसान भरून देतो, नफा देत नाही, हे त्यांचे पहिले वाक्य मला अजून आठवते. शंभर रुपये छापील किमतीची वही मी पंचाहत्तरला आणली असेल, तर माझे नुकसान पंचाहत्तरचे. उरलेले पंचवीस मी कमावणार होते, गमावलेले नव्हते. नफ्याच्या नुकसानीसाठी वेगळी पॉलिसी असते आणि ती आम्ही घेतलेली नव्हती. याच तत्त्वाने जुन्या अभ्यासक्रमाची मार्गदर्शके वगळली गेली. महाराष्ट्र मंडळाचा अकरावीचा अभ्यासक्रम २०१९ मध्ये आणि बारावीचा २०२० मध्ये बदलला. त्याआधीची गाइडे आमच्या पुस्तकांत खरेदी किमतीला दिसत होती, पण पूर आला नसता तरी ती कोणी घेतली नसती. एक लाख दहा हजार रुपये तिथे कमी झाले. वाईट वाटले, पण वाद घालण्यासारखे त्यात काही नव्हते.

मालाची खरी किंमत काढण्याची त्यांची रीत साधी आणि भक्कम होती. ३१ मार्च २०२१ च्या ताळेबंदातील शिल्लक साठा तेवीस लाख तीस हजार. त्यात १ एप्रिलपासून पुरापर्यंतची खरेदी, बिलांनुसार, पाच लाख ऐंशी हजार. त्यातून विकलेल्या मालाची खरेदी किंमत वजा करायची. टाळेबंदीत विक्रीच दोन लाखांची झाली होती आणि आमचे ढोबळ नफ्याचे प्रमाण मागील तीन वर्षांच्या ताळेबंदांवरून वीस टक्के धरले, म्हणून वजा एक लाख साठ हजार. उरले सत्तावीस लाख पन्नास हजार. खरेदीची आमच्याकडची बिले भिजली होती. पण घाऊक व्यापाऱ्यांनी आपापल्या संगणकातून प्रती काढून दिल्या, सी.ए.कडे ताळेबंद होतेच, आणि बँकेला दरमहा दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटच्या, म्हणजे साठ्याच्या विवरणाच्या, प्रती शाखेत मिळाल्या. हे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळले, आणि आमचा दावा मुळात उभा राहिला तो या जुळण्यामुळे. बँकेकडून जास्त उचल मिळावी म्हणून साठा फुगवून दाखवणारे आणि कर वाचवण्यासाठी ताळेबंदात तो कमी दाखवणारे व्यापारी मी पाहिले आहेत; अशा वेळी सर्व्हेअर कोणता आकडा खरा मानणार, याचा विचार त्यांनी करावा असे मला मनापासून वाटते.

कराबद्दल एक खुलासा इथेच करते. आम्ही वस्तू व सेवा कराच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यापाऱ्यांच्या सोप्या कर योजनेत, असल्याने खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे वजावट, घेत नाही, त्यामुळे वह्यांवरचा तेव्हाचा बारा टक्के कर आमच्या खरेदी किमतीचाच भाग धरला गेला. जे व्यापारी क्रेडिट घेतात, त्यांना नष्ट झालेल्या मालावरचे क्रेडिट कायद्याने परत करावे लागते, आणि ते परत केल्याचा पुरावा दिला तरच तो कर नुकसानीत धरण्याचा विचार होतो. शेजारच्या इलेक्ट्रिकल दुकानदारांचे यावरून दोन महिने गेले.

सत्तावीस लाख पन्नास हजारांतून पहिली मोठी रक्कम गळाली ती गोदामाची. नदीच्या बाजूच्या गल्लीत एक खोली आम्ही २०१९ मध्ये भाड्याने घेतली होती आणि दोन लाख चाळीस हजारांचा माल तिथे होता. तो सगळा गेला. पॉलिसीवर मात्र पत्ता एकाच जागेचा होता, दुकानाचा. मालमत्तेचा विमा मालाच्या पाठोपाठ हिंडत नाही. ज्या जागेचे नाव पॉलिसीत लिहिलेले असते, त्या जागेतील मालालाच त्याचे संरक्षण असते. एक साधे पत्र देऊन तो पत्ता जोडून घेता आला असता. दोन वर्षांत ते पत्र मी दिले नाही.

त्याच सुमारास जागामालकांनी विचारले की तुमच्या विम्यातून भिंतीचे आणि फरशीचे काम होईल का. होणार नव्हते. आम्ही भाडेकरू आहोत. इमारत गेली तर आर्थिक नुकसान त्यांचे, माल गेला तर आमचे. ज्या वस्तूच्या नाशाने स्वतःचे नुकसान होते तिचाच विमा माणसाला काढता येतो, आणि आमची पॉलिसी फक्त मालसाठा आणि फर्निचर या दोन शीर्षकांखाली होती. इमारतीचा विमा मालकांनी काढायचा होता, आणि तो त्यांनी काढलेला नव्हता.

पाणी कोठून आले, यावर शहरात पुष्कळ वाद झाला. अतिवृष्टी किती, दाभोळ खाडीची भरती किती, वरच्या धरणातून आलेले पाणी किती, हे लोक अजून बोलतात. आमच्या दाव्याला त्या वादाने काही फरक पडला नाही, कारण आमच्या पॉलिसीत आगीबरोबरच वादळ, पूर आणि जलमयता ही कारणे समाविष्ट होती. पण हे सर्वांच्या बाबतीत खरे नव्हते. जुन्या प्रमाणित आग-विमा पॉलिसीतून हा पूर-वादळाचा भाग वगळून घेण्याची आणि तेवढी हप्त्यात सवलत मिळवण्याची सोय होती. आमच्या ओळीतील एका दुकानदारांच्या पॉलिसीत तो वगळलेला निघाला. त्यांचे म्हणणे होते की आपण असे कधी सांगितलेच नव्हते. कागदावर मात्र तसे लिहिलेले होते. नदीकाठच्या गावात अशी पॉलिसी देणाऱ्याने ग्राहकाला समोर बसवून एकदा तरी विचारायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे. त्या दुकानदारांना एक रुपयाही मिळाला नाही.

कारणाचा प्रश्न आमच्याकडेही वेगळ्या रूपाने आला. वरून दुसऱ्या फळीवरच्या पुस्तकांना पाणी लागले नव्हते, पण दहा दिवसांत ती ओल शोषून वाकडी झाली आणि त्यांवर बुरशी आली. हा एक लाख तीस हजारांचा माल सर्व्हेअरनी प्राथमिक टिपणात "ओल" म्हणून वगळला होता, कारण हळूहळू होणारी झीज किंवा दमटपणा यांची भरपाई अशी पॉलिसी देत नाही. मी त्यांना लेखी विनंती केली. ही ओल पावसाळ्याची नेहमीची नव्हे. खाली चार दिवस चिखल होता, वीज नसल्याने पंखे बंद होते, आणि पूर आला नसता तर ही पुस्तके तशीच राहिली असती, कारण आधीच्या दहा पावसाळ्यांत ती तशीच राहिलेली आहेत. नुकसानीचे खरे आणि परिणामकारक कारण कोणते, ते पाहावे, असे मी लिहिले. त्यांनी दुसऱ्यांदा येऊन त्या फळ्या पाहिल्या आणि तो माल दाव्यात धरला. एवढा एक मुद्दा माझ्या बाजूने वळला आणि तो वादावादीने नव्हे तर लिहिल्यामुळे वळला.

आता मुख्य गोष्टीकडे येते. दाव्यात धरलेले मालाचे नुकसान अठरा लाख पन्नास हजारांवर आले. अर्धवट भिजलेल्या वह्या स्वस्तात विकून आणि उरलेला लगदा रद्दीवाल्याला देऊन पन्नास हजार मिळाले. हे मोडीचे पैसे नुकसानीतून वजा होतात, कारण ते आपल्याच हातात राहतात. राहिले अठरा लाख. आमच्या पॉलिसीत मालसाठ्याची विमा रक्कमही अठरा लाखच होती. मला वाटले, देवाने अगदी बरोबर जुळवून आणले. मी घरी तसे सांगितलेसुद्धा.

सर्व्हेअरनी त्यावर एक प्रश्न विचारला. "त्या दिवशी दुकानात एकूण माल कितीचा होता?" गोदाम आणि कालबाह्य गाइडे वगळून तो चोवीस लाखांचा होता, त्यातील माळ्यावरचा साडेपाच लाखांचा माल वाचला होता. "म्हणजे चोवीस लाखांच्या मालाचा तुम्ही अठरा लाखांचा विमा काढलात. चार हिश्श्यांपैकी तीन हिश्श्यांचा हप्ता कंपनीने घेतला. उरलेल्या एका हिश्श्याचा विमा तुमचा तुम्हीच, असा त्याचा अर्थ होतो. मग नुकसानही त्याच प्रमाणात वाटले जाणार." अठरा लाखांचे पाऊण, म्हणजे साडेतेरा लाख.

मला ते समजायला वेळ लागला. अठरा लाखांपर्यंत नुकसान झाले तर अठरा लाख मिळतील, असाच विमा रकमेचा अर्थ मी धरून चालले होते. माझ्या ओळखीच्या बहुतेक व्यापाऱ्यांचाही तोच समज आहे. प्रत्यक्षात ती देय रकमेची कमाल मर्यादा असते आणि त्याचबरोबर ती आपण केलेली घोषणा असते की या जागेत एवढ्या किमतीचा माल आहे. घोषणा अपुरी असेल तर लहान नुकसानीतही कपात होते. उद्या माळ्यावर उंदरांनी वायर कुरतडून आग लागली आणि फक्त चार लाखांचा माल जळला असता, तरी आम्हाला तीनच लाख मिळाले असते. याला पॉलिसीत सरासरीची अट म्हणतात. मी रात्रभर ती उलटसुलट करून पाहिली. दोन दुकानदार, दोघांकडे चोवीस लाखांचा माल. एक चोवीस लाखांवर हप्ता भरतो, दुसरा अठरा लाखांवर. बहुतेक नुकसाने अर्धवटच होतात, म्हणून दोघांना सारखे पैसे दिले तर पहिल्यावर अन्याय होतो आणि कोणीच पूर्ण रक्कम जाहीर करणार नाही. अट न्याय्य आहे, हे मला मान्य करावे लागले.

अठरा लाख हा आकडा आला कुठून, ते मी नंतर शोधले. २०१७ मध्ये कर्जमर्यादा ठरली तेव्हा बँकेने तो धरला होता आणि पुढे प्रत्येक जानेवारीत तोच आकडा नूतनीकरणात उतरत राहिला. बँकेकडे आमची दरमहाची स्टॉक स्टेटमेंट होती; जूनच्या स्टेटमेंटमध्ये साठा स्पष्ट दिसत होता. शाखेतील कोणीही ते दोन कागद शेजारी ठेवून पाहिले नाहीत. पण मला जास्त लागले ते हे की माझ्याकडेही ते दोन्ही कागद होते. सहा लाखांच्या जादा विम्याचा हप्ता वर्षाला हजार-बाराशे रुपये वाढला असता. तो न भरल्यामुळे साडेचार लाख गेले.

फर्निचरचा हिशेब थोडक्यात सांगते. रॅक, काउंटर, झेरॉक्स यंत्र आणि संगणक नव्याने घ्यायला दोन लाख ऐंशी हजार लागत होते. आमची पॉलिसी बाजारमूल्याच्या आधारावर होती, म्हणून वापराचा घसारा निम्मा धरून एक लाख चाळीस हजार आणि मोडीचे दहा हजार वजा जाता एक लाख तीस हजार मंजूर झाले. नव्या वस्तूची पूर्ण किंमत मिळावी यासाठी पुनःस्थापना मूल्याची तरतूद पॉलिसीत जोडून घ्यावी लागते आणि विमा रक्कमही नव्या वस्तूच्या किमतीएवढी ठेवावी लागते. माल आणि फर्निचर मिळून चौदा लाख ऐंशी हजार. त्यातून पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीसाठी पॉलिसीत लिहिलेली पाच टक्के सक्तीची वजावट, चौऱ्याहत्तर हजार, गेली. राहिले चौदा लाख सहा हजार. दावा दिल्यावर विमा रक्कम तेवढी घटते. ती पूर्ववत करण्यासाठी उरलेल्या मुदतीचा हप्ताही त्यातूनच कापला गेला, पण ती रक्कम किरकोळ होती.

या सगळ्यात मालमत्तेच्या विम्याहून निराळी अशी दुसरी बाजूही त्याच आठवड्यात समोर आली, ती म्हणजे दुसऱ्यांबद्दलच्या जबाबदारीची. दुकानासमोर उभा असलेला आमचा लहान टेम्पो पाण्याखाली गेला. त्याचा विमा होता, पण केवळ थर्ड पार्टी. मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे तो एवढाच विमा, आणि तो आपल्या वाहनाने दुसऱ्याचे नुकसान झाले तर आपली जबाबदारी उचलतो. आपले स्वतःचे वाहन बुडाले, जळाले, चोरीला गेले, तर त्यातून काही मिळत नाही. धाकट्या दिरांच्या गाडीचा विमा सर्वसमावेशक होता, परंतु पाणी उतरल्यावर त्यांनी घाईने गाडी सुरू करून पाहिली आणि इंजिनात गेलेल्या पाण्याने ते निकामी झाले. आतल्या सफाईचे आणि वायरिंगचे पैसे मिळाले, इंजिनाचे नाकारले गेले, कारण पुरापेक्षा गाडी सुरू करणे हे त्या नुकसानीचे कारण धरले गेले आणि इंजिनासाठीची जादा तरतूद त्यांनी घेतलेली नव्हती. पाण्यात बुडालेली गाडी सुरू न करता ओढून न्यावी, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत असते.

चिखल काढायला आलेल्या एका कामगाराचा पाय काउंटरच्या फुटलेल्या काचेने खोल कापला, अकरा टाके पडले. तो आमच्याकडे कामाला होता, तेव्हा त्याची काळजी घेणे हे आमचे कर्तव्यच होते, आणि तो खर्च आणि बुडालेली मजुरी आम्ही दिली. पण तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली मालकावर येणाऱ्या जबाबदारीचाही विमा असतो, हे मला सर्व्हेअरनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. जखम वाढली असती, त्याला कायमचे अपंगत्व आले असते, तर आधीच बुडालेल्या दुकानातून आम्ही काय दिले असते, या विचाराने मला पुढे कित्येक दिवस झोप लागली नाही.

पैसे मिळायला डिसेंबर उजाडला. त्या वेळच्या नियमांनुसार सर्व्हेअरने नेमणुकीपासून तीस दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने तीस दिवसांत निर्णय कळवावा. आमचा अहवाल ऑक्टोबरच्या मध्यावर गेला. एकाच वेळी सगळे शहर बुडाल्याने सर्व्हेअरवर किती भार होता ते मी पाहिले होते, त्यामुळे त्या उशिराबद्दल माझी तक्रार नाही. कंपनीकडून मात्र नोव्हेंबरभर फोनवर "प्रक्रियेत आहे" एवढेच ऐकू येत होते. शेवटी मी तारीखवार घटनाक्रम लिहून तक्रार विभागाला पत्र पाठवले, अहवालाची प्रत मागितली आणि निर्णय न आल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार असल्याचे नमूद केले. लोकपालांकडे एकल मालकीच्या लहान व्यावसायिकालाही विनाशुल्क जाता येते. त्या वेळी त्यांची मर्यादा तीस लाखांची होती. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून एक महिना वाट पाहावी लागते. पत्रानंतर दहा दिवसांत, ४ डिसेंबरला, देकार आला.

त्यासोबत सही करून पाठवायचे डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे एवढ्या रकमेवर दावा मिटल्याचे मान्य करणारे पत्र, होते, "पूर्ण आणि अंतिम" असे लिहिलेले. सरासरीच्या अटीवर लोकपालांकडे जावे का, असे अण्णांनी विचारले. मी अहवाल दोनदा वाचला. करारानुसार आकडा बरोबर होता आणि जे बरोबर आहे त्याविरुद्ध वर्षभर चालत राहण्यात अर्थ नव्हता. मी सही केली.

रक्कम आमच्या हातात आली नाही. माल बँकेकडे तारण असल्याने पॉलिसीत बँकेचे नाव होते आणि पैसे थेट कॅश क्रेडिट खात्यात गेले. त्यातून पुन्हा माल भरण्यासाठी उचल मिळावी म्हणून शाखेत वेगळा अर्ज, नवे स्टॉक स्टेटमेंट आणि दुकानाची पाहणी, एवढे करावे लागले. पहिला नवा माल ३ जानेवारीला उतरला.

त्याच आठवड्यात नूतनीकरणाची सूचना आली आणि त्यात मालसाठा पुन्हा अठरा लाखच छापलेला होता. या वेळी मी शाखेत स्वतः गेले. १ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही प्रमाणित पॉलिसी लागू झाली आहे. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेला ती चालते आणि तीत विमा रकमेतील पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. ती घेतली. मालसाठा वर्षातील सर्वांत मोठ्या महिन्याचा, म्हणजे मे अखेरचा अंदाज धरून लिहिला, फर्निचर नव्या किमतीला धरले, पूर आणि वादळ समाविष्ट असल्याची ओळ बोट ठेवून वाचली, कामगारांच्या जबाबदारीचा विमा वेगळा घेतला आणि टेम्पोचाही बदलला. गोदामाची जुनी खोली सोडून आम्ही चढावर दुसरी घेतली होती, तिचा पत्ता अर्जात लिहिला. पॉलिसी हाती आली तेव्हा त्या पत्त्यातील घर क्रमांक चुकीचा छापला होता. मी त्याच दिवशी दुरुस्तीचे पत्र दिले, पोच घेतली, आणि आठ दिवसांनी सुधारित पान आल्यावर ते मूळ पॉलिसीला टाचून तिचा एक संच घरी अण्णांच्या कपाटात ठेवला.